मेलेल्या शहराचा पंचनामा

वाचता वाचता जमादार मध्येच पुस्तक मिटायचे. पान हरवू नये म्हणून उजव्या हाताचं बोट आत ठेवायचे, डाव्या हातानं मिशी खाली ओढायचे आणि समोरच्या पळसाकडे बघत विचारायचे, "पन गुरुजी, पंचनामा कोनं केला?"

हा प्रश्न कोणाच्या मरणाबद्दल होता ते सांगितलं तर तुम्ही हसाल. चंद्रावरून आलेल्या एका किरणानं जळून खाक झालेल्या शहराबद्दल होता. शहर कादंबरीतलं, किरण कादंबरीतला आणि जळालेली तीन लाख माणसंही कादंबरीतलीच. लेखकानं ती एका ओळीत जाळली होती. पुढच्या ओळीत कादंबरीतला शास्त्रज्ञ चहा पीत होता.

"तीन लाख मेले," जमादार म्हणायचे, "अन् हा बुवा चहा पिऊन राह्यला. अहो, एक मानूस मेला तं मले दोन दिवस जेवन जात नाई."

हे शेवटचं साफ खोटं होतं. जमादारांना कुठल्याही परिस्थितीत जेवण जायचं. कुऱ्हाडीनं फुटलेलं डोकं पाहून आल्यावर हात धुऊन त्यांनी वांग्याच्या भाजीबरोबर चार भाकरी खाल्लेल्या मी पाहिल्या आहेत. पण ते आपल्याबद्दल असं काहीबाही बोलायचे आणि त्यावर त्यांचा स्वतःचा विश्वासही बसायचा. असा माणूस तुमच्याही पाहण्यात आला असेल.

हिंगणीच्या पलीकडे, बोर नदीच्या अंगाला रानाला टेकलेलं ते गाव. छप्पन-सत्तावनची गोष्ट. मी तिथल्या एकशिक्षकी शाळेत मास्तर होतो. शाळेसमोर पोलिसांची चौकी: दोन खोल्या, एक ओसरी, ओसरीवर एक लांब बाक. चौकीत दोन शिपाई आणि त्यांच्यावर हे जमादार. पन्नाशीचे, काळेसावळे, रुंद पंजांचे. मूळचे आर्वीकडचे. जात विचारली तर "पोलीस" असं उत्तर देत आणि विचारणाऱ्याकडे असं बघत की पुन्हा कोणी विचारत नसे.

गावात महिनोन् महिने काही घडायचं नाही. दुपारी कुत्रंसुद्धा भुंकायला उठायचं नाही. मी महिन्यातून एकदा वर्ध्याला जाऊन वाचनालयातून जुन्या मासिकांचे बांधलेले अंक आणायचो. त्यात क्रमशः छापलेल्या चंद्र-मंगळाच्या गोष्टी असत. मला त्यांचं वेड होतं. एका दुपारी जमादारांनी रस्त्यापलीकडून हाक मारली, "गुरुजी, येवढं काय वाचून राह्यले? बायकोची चिठ्ठी आली का?" मी अंक दाखवला. त्यांनी तो ठेवून घेतला आणि चार दिवसांनी प्रत्येक पानावर पेन्सिलीनं प्रश्नचिन्हं करून परत दिला. वाचनालयाच्या चिटणिसानं माझी खरडपट्टी काढली ती वेगळीच.

तेव्हापासून शाळा सुटली की मी त्या बाकावर. ते गोष्ट एखाद्या मुलजिमाच्या बयानासारखी वाचत. यान किती वाजता सुटलं, ते पाहणारा कोण, त्याचं घर तिथून किती दूर. मंगळावर राजा नसतो, सगळे मिळून ठरवतात, असं एका कथेत होतं. जमादारांनी बोट घालून पुस्तक मिटलं.

"मंग तिथं फटके कोन मारते?"

"तिथं गुन्हेच होत नाहीत."

"हे लेखक लोक," ते म्हणाले, "कधी ठान्यात आले नसतीन."

राजकारण आमच्याकडे दोन दिवस शिळं होऊन मोटारीनं यायचं. दूरच्या समुद्रात मोठमोठ्या देशांनी बॉम्ब फोडून पाहिले, माशांच्या अंगावर राख पडली, वगैरे. आपला भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबईच्या राज्यात गेला तेव्हा मी मोठ्या उत्साहानं त्यांना बातमी वाचून दाखवली. ते छपराकडे बघत म्हणाले, "राजधानी नागपुराहून उचलली अन् मुंबईले नेली. छप्पर तं तिथूनच गयते." सत्तावनच्या निवडणुकीत मतपेटीवर पहारा द्यायला ते तीन दिवस गेले होते. परत आल्यावर मी विचारलं, कसं वाटलं? "पेटी हलकी होती," म्हणाले, "पन सारे तिले भ्यायचे. मालकसुद्धा पायतान काढून आत गेला." मालक म्हणजे गावचे जुने मालगुजार. मालगुजारी कायद्यानं संपली होती, मालक संपले नव्हते. माझी खोली त्यांच्याच वाड्यामागच्या गोठ्याला लागून होती आणि शाळेची इमारतही त्यांचीच.

जमादारांची राज्यशास्त्राची एकच व्याख्या होती. "मानूस मेला की 'काऊन मेला' म्हनून विचाराले कोनी येते, त्याले राज्य म्हनाचं. बाकी सारं रान." मी घटना, संसद, पंचवार्षिक योजना असं बरंच सांगून पाहिलं. ते मान हलवत ऐकत आणि शेवटी म्हणत, "थे सारं ठीक हाये. पन विचाराले येते का कोनी?"

आता त्यांच्या हाताबद्दल सांगितलं पाहिजे. ते टाळून हे व्यक्तिचित्र गोड करता येईल, पण मग ते त्यांचं राहणार नाही.

जमादार मारायचे. कमरेचा पट्टा काढून, पितळी बक्कल बाहेरच्या बाजूला ठेवून मारायचे. एकदा बैलचोरीच्या संशयावरून बकाराम नावाच्या गुराख्याला धरून आणलं. मी बाकावर बसलो होतो, मांडीवर शनीच्या कड्यांवरची गोष्ट. आतून आधी पट्ट्याचा आवाज यायचा, मग बकारामचा. किंचाळणं नव्हतं ते. प्रत्येक फटक्याला छातीतली हवा बाहेर पडल्याचा आवाज होता. मी उठून जायला हवं होतं. मी पान उलटत बसलो. अर्ध्या तासानं जमादार बाहेर आले, घंगाळातल्या पाण्यानं हात धुतले आणि माझ्याशेजारी बसून म्हणाले, "हं, शनीवर उतरले का मंग?"

बकारामनं कबुलीवर अंगठा दिला होता. तिसऱ्या दिवशी बैल आपल्या पायांनी रानातून परत आला. जमादारांनी कबुलीचा कागद फाडला, बकारामला बाकावर बसवून चहा पाजला. त्याला कप धरता येत नव्हता म्हणून स्वतः धरला. माफी मात्र मागितली नाही. मी रागानं दोन दिवस तिकडे गेलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच हाक मारली. "मारल्याबिगर कोनी बोलत नाई गुरुजी. अन् मारल्यावर जे बोलते थे खरं नसते. हे मले तीस वर्षांपासून मालूम हाये." मी म्हणालो, मग मारता कशाला? त्यांनी हाताचे पंजे उलटसुलट करून पाहिले.

त्याच वर्षी दोन सख्ख्या भावांत धुऱ्यावरून भांडण झालं. मधल्या बांधावरचं बाभळीचं झाड कोणाचं, एवढंच. थोरल्यानं कुऱ्हाड घातली. जमादार मला पंच म्हणून शेतावर घेऊन गेले. लिहितावाचता माणूस गावात दुसरा नव्हता. धाकटा पऱ्हाटीत, कपाशीच्या ओळीत पडला होता. डोक्याचा अर्धा भाग जाग्यावर नव्हता. मी बांधावर जाऊन ओकलो. जमादारांनी मला खांद्याला धरून परत आणलं. "डोये उघडे ठेवा गुरुजी. तुमी नाई पायलं तं मंग हा नुसताच मेला." मग ते गुडघ्यावर बसले आणि त्या माणसाच्या मुठी, कनवटी, पायातली फुटकी चप्पल, डाव्या पायातला काटा असं सगळं सावकाश सांगत गेले आणि शिपाई लिहीत गेला. काटा कालचा असावा, जखम सुजलेली आहे, असंही त्यांनी लिहवलं. खुनाशी त्या काट्याचा काय संबंध, असं मी नंतर विचारलं. "संबंध नाई. पन होता ना काटा."

त्यानंतर त्यांनी ती वही सुरू केली. शाळेतून एक कोरी वही मागून घेतली आणि आठवड्यानं माझ्यापुढे ठेवली. पहिल्या पानावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'ठिकाण, जळालेले शहर, भाजीबाजार. मयत बाई, नाव माहीत नाही, वय अंदाजे चाळीस. प्रेत उताणे, डोके पूर्वेस. लुगडे जळालेले, काठ शाबूत. उजव्या हातात तागडी. टोपलीत वांगी, पैकी दोन शाबूत.'

मी आधी हसलो, मग पान पुन्हा वाचलं. त्या तीन लाखांतली ती एक बाई होती. लेखकाला जे जमलं नव्हतं, ते हा माणूस करू बघत होता. "त्या शहरात वांगे भेटत असतीन का?" त्यांनी गंभीरपणे विचारलं. मी म्हणालो, चंद्राच्या किरणानं जळणाऱ्या शहरात काहीही मिळत असेल. "मंग ठीक. आता पंच पायजे. तिथले सारेच मेले. तुमी करा सही."

मी झोकात सही केली. पुढे एक न्हावी झाला, एक शाळेतली बाई झाली, एक टांगेवाला आणि त्याचा घोडा असे दोघे एकाच पंचनाम्यात झाले. अकरा पानं झाली आणि अकराही पानांवर पंच म्हणून माझी सही होती, खाली दोन रेघा मारून. सही करायला काही लागत नव्हतं. त्या दुपारींइतका सुखी मी नंतर क्वचितच झालो असेन.

ती वही पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही.

छप्पनच्या दसऱ्यानंतर गावाच्या पूर्वेच्या वस्तीतली माणसं नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली होती. आल्यावर त्यांनी घरातले देव नदीत सोडले आणि गावाला सांगितलं, यापुढे मेलेली जनावरं ओढणार नाही. गावानं पाणी अडवून पाहिलं, काम बंद करून पाहिलं. एकदा वस्तीतल्या दोन झोपड्या पेटवल्या. जमादारांनी पेटवणारे तिघे धरून आणले आणि त्यांनाही पट्ट्यानंच सोलून काढलं. सर्वांशी त्यांची समान वागणूक होती, असं म्हणायला हरकत नाही.

या वस्तीत सुखदेव नावाचा एक तिशीचा माणूस होता. हंगामात हिंगणघाटला जिनिंगमध्ये जायचा, एरवी मिळेल ते काम करायचा. शाळेची कौलं त्यानंच बसवली होती. त्याचा मुलगा माझ्याकडे बिगरीत होता. सुखदेव उंच होता आणि बोलताना मान खाली घालायचा नाही, एवढाच त्याचा गुन्हा.

सत्तावनच्या पोळ्याला मालकांची जोडी नेहमीप्रमाणे मानाची. सकाळीच शिंगांना हिंगूळ लावला, वर बेगड गुंडाळली, कपाळाला बाशिंगं बांधली. आणि भर दुपारी, तोरणाखाली जायच्या आधी, त्यातला एक बैल पोट फुगून आडवा झाला आणि साऱ्या गावासमोर मेला. मालकांनी वस्तीत निरोप पाठवला. वस्तीतून नकार आला. रात्रभर बैल आखरावर, गावाची गुरं जमायच्या मोकळ्या जागेत, तसाच पडून राहिला. वर नदीला पूर आलेला. तालुक्याहून कोणी येण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी लहान मुलं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरत होती. माझ्या खोलीच्या खिडकीतून आखर दिसायचं. मी दाढी करत होतो. पाच-सहा माणसांनी सुखदेवला ओढत आणलं. मेलेल्या बैलाच्या पायांना बांधलेल्या दोराचं दुसरं टोक त्यांनी त्याच्या मनगटाला गुंडाळलं. ओढ म्हणाले. तो उभा राहिला. एकानं बैलगाडीची उभारी, कडेचा उभा दांडा, काढून पाठीत घातली. तो उभाच राहिला. मग सगळ्यांनीच उभाऱ्या घेतल्या. मी वस्तरा हातात घेऊन खिडकीत होतो. दुसरा की तिसरा फटका डोक्यावर बसला तेव्हा तो गुडघ्यांवर आला, आणि त्यानंतर ते जोंधळा झोडपावा तसे झोडपत राहिले. कोणीतरी "बस, बस" म्हणाल्यावरही एक जण मारत होता. बाळंतपणाहून परतलेल्या माझ्या बायकोनं मागून येऊन खिडकी लावली. आमची मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती.

जमादार पळत आले तेव्हा मारणारे घरी गेले होते आणि बाकी गाव गोळा झालं होतं. मीही गेलो. मालक वाड्याच्या ओट्यावरून उठून सावकाश आले.

"जमादार, बैलानं मारलं म्हनून लिहा," मालक म्हणाले. "बैल बी मेला, मानूस बी मेला. मिटलं."

जमादार बैलाभोवती एक फेरी मारून आले. "मालक, काल दुपारी मेलेला बैल आज सकायी शिंग मारत नाई."

"काल मेला हे कोनं पायलं?"

जमादारांनी गर्दीकडे पाहिलं. साऱ्या गावानं पाहिलं होतं. सारं गाव मातीकडे बघत होतं.

मग ते सुखदेवजवळ गुडघ्यावर बसले आणि शिपायाला सांगू लागले. डोक्याची जखम किती बोटं, दात किती तुटलेले, कोणता हात कुठे मोडलेला. रक्त ओले. मग बैलाकडे बोट करून: जनावर फुगलेले, ताठलेले, तोंडाशी किडे. दोन्ही शिंगांस हिंगूळ, त्यावर बेगड. बेगड कोठेही फाटलेली अगर चुरगळलेली नाही. शिंगांस रक्त नाही. हे वाक्य त्यांनी शिपायाकडून दोनदा वाचून घेतलं. मालकांची लबाडी त्या बेगडीवर मोडत होती. सणासाठी त्यांनीच ती हौसेनं गुंडाळायला लावली होती.

"आता पंच."

सुखदेवचा म्हातारा बाप पुढे आला. "माहा अंगठा घ्या सायेब."

"बाबा, तुमचा घेतला तं वकील दोन मिनिटांत फाडन. परका पायजे."

त्यांनी किराणावाल्याला हाक मारली. त्याला चक्कर येत होती. तेल्याला हाक मारली. तो आत्ताच आला होता. कोतवालाला दिसत नव्हतं. मग ते माझ्याकडे वळले. मला ठाऊक होतं ते वळणार.

"गुरुजी."

मी मातीकडे पाहिलं.

ते जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या खिडकीतून काय दिसलं थे मी विचारत नाई. थे नका सांगू. आता इथं जे पडून हाये, तेवढ्यावरच सही करा. थे तं साऱ्याइलेच दिसून राह्यलं."

मालक माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, घरच्या माणसाकडे बघावं तसे. मी म्हणालो, "माझी तब्येत बरी नाही, जमादारसाहेब. मला डोळ्यांसमोर अंधारी येते."

जमादारांचा हात वर गेला. त्या रुंद पंजाची ताकद मी बकारामच्या पाठीवरचे वळ बघून ओळखत होतो. मी डोळे मिटले. खरं सांगतो, त्या क्षणी त्यांनी मारावं असं मला वाटलं; मारलं असतं तर मला निदान रागवायला जागा मिळाली असती. फटका आला नाही. डोळे उघडले तर ते त्याच हातानं कपाळावरचा घाम पुसत होते.

तेवढ्यात गर्दीच्या मागून दगड आला आणि त्यांच्या भुवईवर बसला. दुसरा शिपायाच्या पाठीत. जमादारांनी पट्टा काढला, तीन पावलं पुढे गेले. गर्दी फाकली. ते थांबले. डोळ्यात रक्त उतरत होतं. पट्टा त्यांनी पुन्हा कमरेला बांधला आणि मागे येऊन शिपायाला म्हणाले, "तू लिही. आज मारामारी नाई."

शेवटी पंच मिळाले ते दोन गोंड. म्हातारा आणि त्याचा जावई, पोळ्याला दारात लावायचे पळसाचे मेढे विकायला आले होते आणि पुरामुळे अडकले होते. त्यांना मराठी तुटकीच यायची. जमादारांनी अर्ध्या हिंदीत, अर्ध्या त्यांच्या बोलीत, एकेका गोष्टीला हात लावून दाखवत सगळा पंचनामा दोनदा समजावला. बेगडीला त्यांनी बोटं लावून पाहिली. मग म्हातारा म्हणाला, "खरं हाये," आणि दोघांनी अंगठे दिले. पुढच्या आठवड्यात नदीच्या वाटेवर कोणीतरी जावयाचा हात मोडला. त्यानं अंगठा मागे घेतला नाही.

मी खोलीत येऊन अर्धवट राहिलेली दाढी पूर्ण केली. संध्याकाळी शिपाई येऊन वाचनालयाचा अंक देऊन गेला. त्यानंतर चौकीच्या बाकावर मी बसलो नाही आणि जमादारांनी हाक मारली नाही. दोन महिन्यांत त्यांची बदली झाली, चांद्याकडच्या जंगलात. मालकांचा हात लांब होता.

सुखदेवच्या बापाच्या फिर्यादीवरून मारणाऱ्यांवर खटला पुढच्या वर्षी उभा राहिला. मी रजा काढून गेलो आणि मागच्या बाकावर बसलो. म्हातारा गोंड जे पाहिलं ते बरोबर सांगत होता, पण आरोपींच्या वकिलानं त्याला मराठीत इतके प्रश्न विचारले, की तो दुपार आणि सकाळ यांत गोंधळला. कागद वाचता येतो का? नाही. मग त्यात काय लिहिलं तुला काय ठाऊक? म्हातारा आपला अंगठा बघू लागला. शिकलेला एकही पंच का नाही, असं वकिलानं कोर्टाला विचारलं, तेव्हा जमादार पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "भेटला नाई," एवढंच म्हणाले.

त्यानंतर वकिलानं बकारामला बोलावलं. बकाराम खोटं काही बोलला नाही. "मले मारलं. मारून अंगठा घेतला. बैल मंग आपल्या पायानं आला." हा इसम कसे कागद बनवतो ते पाहा, असं वकील म्हणाला. जमादारांना विचारलं, हे खरं आहे का? मला वाटलं ते नाकारतील. कोणीही नाकारलं असतं. ते पंजांकडे बघत म्हणाले, "खरं हाये." सगळे सुटले.

बाहेर कडुनिंबाखाली ते मला दिसले. भुवईवर व्रण होता. मी जवळ गेलो. काय बोलायचं ते ठरवून आलो होतो, पण आधी तेच बोलले. "शाळा बरी चालू हाये ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. "चांगलं," म्हणाले आणि मोटारीच्या दिशेनं चालू लागले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. त्या जंगलातच तापानं गेले असं पुढे कधीतरी कळलं. त्यांचे कागद कोणी केले असतील, हा विचार मला अजून छळतो.

पण त्याआधी, खटल्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी, एका दुपारी शाळा सुटता सुटता सुखदेवची बायको दारात उभी राहिली. मुलं निघून जाईपर्यंत थांबली. मग पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला.

"जमादारसायबानं आपल्या हातानं नक्कल करून मले कोडतात देली. गुरुजीकडून वाचून घेजो म्हनले."

अक्षर ओळखीचं होतं. मी वाचू लागलो. मयताचे नाव सुखदेव, वय अंदाजे तीस, अंग मजबूत. मी मध्ये मध्ये गाळायला लागलो की ती म्हणायची, "सारं वाचा." मी दात वाचले, हात वाचला, मनगटावरच्या दोराचे वेढे वाचले. खिशात एक कंगवा आणि पाटीवर लिहायच्या पेन्सिलीचे दोन तुकडे. तिथं ती खाली बसली. तरी म्हणाली, वाचा. मी बेगडीपर्यंत आलो, शेवटी आलो, पंचांचे दोन अंगठे आणि नावं वाचली.

"अन् तुमचं नाव कुठी हाये?"

मी म्हणालो, माझं नाही.

ती कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं, पण अंगठ्यांच्या खाली मोकळी जागा होती ती दिसत होती. तिनं तिथं बोट ठेवलं. "मंग आता करा."

"आता उपयोग नाही, बाई. खटला संपला."

"कोडतासाठी नाई म्हनत मी. माह्या पोराले दाखवाले पायजे. उद्या थो वाचाले शिकन, तुमीच शिकवान. त्याले समजलं पायजे का कोनीतरी पायलं होतं."

टाक दोनदा दौतीत बुडवावा लागला. मी सही केली. खाली रेघा मारल्या नाहीत. शाई वाळेपर्यंत तिनं कागद उन्हात धरला, मग फुंकर घातली, जुन्याच घड्यांवरून पुन्हा घडी घातली आणि पदराला गाठ मारली. जाताना दारात थांबली.

"जमादारसायब म्हनत होते, गुरुजी करतीन सही," ती म्हणाली. "येळ लागन, म्हने, पन करतीन."